मदत हवी आहे: रुबेन्स आणि व्हॅन डाइकच्या चित्रांवरून केलेल्या जुन्या प्रिंट्स घेतल्यात, खऱ्या की फसले?

चिंचगोळी

नमस्कार मंडळी, आम्ही चार वर्षांपासून बेल्जियमला आहोत. ब्रुसेल्सच्या मारोल भागात ज्यू द बालच्या चौकात रोज सकाळी जुना बाजार भरतो, आपल्या पुण्याच्या जुन्या बाजाराचाच भाऊ, फक्त पावसात भिजलेला. तिथे परवा एका खोक्यात फुटक्या फ्रेम्सच्या खाली दोन एन्ग्रेव्हिंग्ज, म्हणजे तांब्याच्या प्लेटवर कोरून कागदावर छापलेली चित्रं, मिळाली, रुबेन्स आणि व्हॅन डाइक या 17 व्या शतकातल्या अँटवर्पच्या चित्रकारांच्या कामावरून केलेली. माणूस दोन्हीचे मिळून 70 युरो म्हणत होता, मी घासाघीस करून 55 ला आणली आणि ट्रेनमध्ये बसल्यापासून छातीत धडधड.

पहिली प्रिंट म्हणजे रुबेन्सचं पोर्ट्रेट. खाली लिहिलंय व्हॅन डाइक पिंक्सिट, दुसऱ्या बाजूला पोन्टियस स्कल्प्सिट. म्हणजे चित्र व्हॅन डाइकचं आणि तांब्याच्या प्लेटवर कोरलं पोन्टियसने, एवढं मला कळलं. पण छापणाऱ्याचं नाव कुठेच नाही, आणि भिंगातून बघितलं तर खालच्या पट्टीत काहीतरी खरवडून काढल्यासारख्या पुसट रेघा दिसतात. हे कोणी मुद्दाम लपवायला केलंय का?

दुसरी धार्मिक आहे, येशूला क्रुसावरून खाली उतरवतात ते. रुबेन्सचं मूळ चित्र अँटवर्पच्या कॅथीड्रलमध्ये आहे म्हणून मी खास जाऊन फोटो काढून आणला, शेजारी ठेवला तर माझी प्रिंट उलटी! आरशात बघावं तशी. नाव फक्त रुबेन्सचं, कोरणाऱ्याचं नाहीच. आणि मागे कोणीतरी जाड पुठ्ठा चिकटवलाय, कडा पिवळ्या पडल्यात, मध्ये तपकिरी ठिपके.

पुढच्या वर्षी पुण्याला परत जायचंय तेव्हा तिथे कसं सांभाळायचं तेही सांगा. सासूबाई म्हणतायत लॅमिनेट करून टाक.

भिंगवाला

आधी लॅमिनेशनचं: सासूबाईंना माझा साष्टांग नमस्कार सांगा आणि प्रिंट्स त्यांच्यापासून लांब ठेवा.

तुमचं पोर्ट्रेट बहुतेक 'आयकनोग्राफी' मालिकेतलं आहे. व्हॅन डाइकने आपल्या काळातले राजे, सेनापती, विद्वान, चित्रकार अशा लोकांची पोर्ट्रेट्स छापून काढायचा घाट घातला होता, थोड्या प्लेट्स स्वतः केल्या आणि बाकीच्या पोन्टियस, व्होर्स्टरमान, बोल्सवर्ट वगैरे पट्टीच्या लोकांकडून कोरून घेतल्या. पहिला प्रकाशक अँटवर्पचा मार्टिन व्हॅन डेन एन्डेन, त्याच्या काळात 80 प्लेट्स. 1641 मध्ये व्हॅन डाइक वारला, मग प्लेट्स गिलिस हेन्ड्रिक्सकडे गेल्या, त्याने 1645 ला 100 प्लेट्सची आवृत्ती काढली आणि आधीच्याचं नाव घासून आपली जी आणि एच ही आद्याक्षरं घातली. पुढे ती अक्षरंही घासली गेली. तुम्हाला दिसतंय ते तेच आहे. लपवाछपवी काही नाही, घर विकल्यावर नवा मालक दारावरची पाटी बदलतो तसं. पण याचा अर्थ तुमची प्रत उशिराची.

किती उशिराची ते कागद सांगेल. मागून उजेड धरा. साधारण अडीच सेंटीमीटरवर समांतर रेघा आणि त्यांना आडव्या अगदी जवळजवळच्या बारीक रेघा दिसल्या तर तारांच्या जाळीवरचा हातकागद. एकसारखा गुळगुळीत दिसला तर 18 व्या शतकाच्या उत्तरार्धाच्या आधीचा धरूच नका. उलटं मात्र खरं नाही बरं का, रेघांचा कागद नंतरही बनत होता, त्यामुळे रेघा दिसल्या म्हणून लगेच पेढे वाटू नका. मालिकेतल्या बऱ्याच प्लेट्स आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाच्या छापखान्याकडे आहेत आणि त्यांनीही त्यावरून प्रती काढल्यात, त्यावर शाईशिवाय दाबून उठवलेला शिक्का असतो, कोपरे बोटांनी चाचपून बघा.

कोकणस्थ_कावळा

उलट्या चित्राचं टेन्शन घेऊ नका. प्लेटवर सरळ कोरलं की कागदावर उलटं उमटतं, रबर स्टॅम्पसारखं. सरळ हवं असेल तर कोरणाऱ्याने आधीच उलटं कोरायला हवं, ती मेहनत सगळे घेत नसत. तेव्हा उलटं आहे म्हणून नकली नाही आणि असलीही नाही.

मला खटकतंय ते वेगळंच. रुबेन्स या बाबतीत पक्का व्यवहारी होता, 1619-20 मध्ये फ्रान्सचा राजा, स्पॅनिश नेदरलँड्स (साधारण आजचा बेल्जियम) आणि डच प्रजासत्ताक अशा तिन्ही ठिकाणांहून त्याने हक्क मिळवले, त्या काळचा कॉपीराइटच म्हणा ना. त्याच्या देखरेखीखालच्या प्रिंट्सवर 'कुम प्रिव्हिलेजिइस' (हक्कांसह) म्हणून त्या तिघांचा उल्लेख खाली असतो. या चित्राची नावाजलेली प्रिंट व्होर्स्टरमानची, 1620 ची. तुमच्या प्रिंटवर ना कोरणारा ना प्रिव्हिलेज, म्हणजे बहुतेक कोणीतरी नंतर केलेली नक्कल. अशा नकला चिक्कार होत्या, घरात देवाजवळ लावायला लोक घ्यायचे. किंमत कमी, पण मला स्वतःला त्याच जास्त आवडतात.

अवांतर: अँटवर्पचा छापील माल आपल्याकडेही आलाय. गोव्याहून आलेल्या जेझुइट पाद्र्यांनी 1580 मध्ये अकबराला फत्तेपूर सिक्रीत प्लान्टिनच्या छापखान्यातलं बहुभाषी बायबल दिलं होतं, आणि दरबारातल्या चित्रकारांनी अशा युरोपियन प्रिंट्सवरून चित्रं केली. तुम्ही पुण्याला नेणार म्हणजे काही नवीन नाही.

भिंगवाला

सांभाळायचं राहिलंच. पुण्यात बुरशी आणि कसर, दोघांचीही मेजवानी. ॲसिड-फ्री माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) लावा, काच कागदाला टेकता कामा नये, बाहेरच्या भिंतीवर आणि उन्हात टांगू नका. सेलोटेप, फेविकॉल बंद.

चिंचगोळी

थँक्यू थँक्यू! काल रात्री मोबाईलचा टॉर्च मागून धरला, पोर्ट्रेटच्या कागदात रेघा आहेत, शिक्का नाही. मग एका म्युझियमच्या साइटवर तीच प्रिंट मोठी करून शेजारी ठेवली. त्यांच्या रुबेन्सच्या गालावर काय सुंदर सावली आहे, माझा मात्र पावडर थापल्यासारखा पांढराफटक. प्लेट झिजली की असं होतं का?

आणि दुसरीच्या मागचा पुठ्ठा काढू का? नवऱ्याने हेअर ड्रायर आणून ठेवलाय.

भिंगवाला

हो, बारीक रेघा आधी झिजतात, म्हणून चेहरा सपाट होतो. 55 युरोत दोन, वाईट नाही.

ड्रायर होता तिथे ठेवा आणि पुठ्ठ्याला हात लावू नका, कागद सोलून निघेल. ते काम कागदाच्या रिस्टोररचं, म्हणजे जुने कागद दुरुस्त करणाऱ्या जाणकाराचं, आणि अँटवर्पच्या इतक्या जवळ असताना तो तिथेच शोधा, पुण्याला आल्यावर नाही.