बीपी-शुगरला अपंगत्व पेन्शन कशाला? कालच्या पोस्टला माझं उत्तर

सुभेदाराची लेक: 'बीपी-शुगर बँकेतल्या कारकुनालाही होते, फौजींनाच डिसॅबिलिटी पेन्शन कशाला?' असं काल इथे कुणीतरी लिहिलं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. बाबा भरती झाले तेव्हा डॉक्टरांनी दातांपासून तळपायांपर्यंत सगळं तपासून घेतलं होतं. 28 वर्षांनी निघताना लष्कराच्या वैद्यकीय बोर्डाने बीपीचं अपंगत्व 30 टक्के धरलं आणि शेरा मारला, 'सेवेमुळे नाही, सेवेने वाढलेलंही नाही.' म्हणजे पेन्शन नाही. कारण काय, तर आजार पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून लांबच्या शांत ठाण्यावर, सापडला. त्याआधी ते कुठल्या उंचीवर होते, ते कुणी पाहायचं? दोन्ही अपिलं त्याच एका ओळीने फेटाळली. सुप्रीम कोर्टाचा धरमवीर सिंग निकाल 2013 चा. भरतीवेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेतला धरायचा, उलट सिद्ध करायचं सरकारने. मग फौजींच्या तक्रारी ऐकणाऱ्या ट्रिब्युनलच्या पायऱ्या बाबांनी का झिजवायच्या?

करदाता: पोस्ट माझीच. कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्यांचा, 2023 चा अहवाल वाचा. निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांत तिघांतल्या एकाहून जास्त जणांना डिसॅबिलिटी, जवानांत पाचांतल्या एकालाही नाही. लढाईत पुढे कोण असतं?

माजी हवालदार: हेच मी किती वर्षं सांगतोय! साहेबांना कुठला कागद कधी लावायचा ते ठाऊक. आमचा जवान कंबर धरून गावी येतो, बोर्डासमोर 'ठीक आहे साब' म्हणतो आणि सही करतो.

निवृत्त मेजर: सगळ्या अधिकाऱ्यांना एका दावणीला बांधू नका. माझा गुडघा सियाचिनला गेला. 50 टक्के मिळायला मलाही केस लढावी लागली.

माजी हवालदार: तुम्हाला वकील परवडला, साहेब. मला म्हैस विकावी लागली.

निवृत्त मेजर: म्हैस मी विकायला लावली का? जवानांच्या अर्जांवर मी स्वतः शिफारशी लिहिल्या आहेत.

सुभेदाराची लेक: अधिकारी-जवान भांडण वेगळ्या धाग्यावर घ्या! प्रश्न अपिलाचा आहे. निकाल लागलेला मुद्दा दर माणसाने नव्याने का लढायचा?

करदाता: तेवढं मान्य. कारण न देता अपील फेटाळणं चूकच. पण प्रत्येक शुगर सीमेवरची, हे मी मानणार नाही.

सुभेदाराची लेक: प्रत्येक म्हटलंच नाही मी. कारण लिहा म्हटलं.

माजी हवालदार: पोरी, बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत हातात आहे का? नसेल तर आजच अर्ज टाक. माझी दोन वर्षं त्या एका कागदापायी गेली.