मदत हवी आहे: घटस्फोटाच्या केसमध्ये नवऱ्याची उलटतपासणी स्वतः कशी घ्यावी?

नमस्कार. नवऱ्याने क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोटाची याचिका लावली आहे. माझे वकील लागोपाठ तीन तारखांना आले नाहीत, म्हणून त्यांच्याकडून फाइल परत आणली. तेव्हापासून पुकारा झाला की मीच उभी राहते. कौटुंबिक न्यायालयात हे चालतं. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १३ प्रमाणे तिथे वकील देणं हा पक्षकाराचा हक्कच नाही, कोर्टाची परवानगी लागते.

कैफियत (याचिकेला लेखी उत्तर) मुदतीत दिली. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली अंतरिम पोटगीचा अर्ज केला, सोबत उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्रही जोडलं (रजनेश विरुद्ध नेहा, २०२०, या निकालापासून ते दोघांनाही द्यावं लागतं). समुपदेशकांकडे बसून झालं, तडजोड झाली नाही. कागदांचं जमतंय हो. पण आता नवऱ्याचं सरतपासणीचं प्रतिज्ञापत्र (त्याची शपथेवरची लेखी साक्ष) आलंय, पुढच्या तारखेला उलटतपासणी आहे आणि माझे हातपाय गळालेत.

परिच्छेद ९ मध्ये त्याने लिहिलंय की भाऊबीजेला मी न सांगता माहेरी गेले, आजारी सासूबाईंना वाऱ्यावर सोडून. त्या रात्री मी त्यांच्या उशाशी बसले होते, रुग्णालयात! भरतीच्या फॉर्मवर माझी सही आहे, नात्याच्या रकान्यात माझ्याच अक्षरात 'सून' लिहिलेलं आहे.

आधी "त्या रात्री आई कुठे होत्या?" असं विचारून त्याचं उत्तर नोंदवून घेऊ, की फॉर्म सुरुवातीलाच दाखवू? फॉर्मची झेरॉक्स कैफियतीबरोबर दाखल केली आहे, पण तिला अजून निशाणी (पुरावा म्हणून कोर्टाचा क्रमांक) पडलेली नाही. मूळ कागद रुग्णालयाकडे आहे. तो मागवण्याचा अर्ज उलटतपासणीआधीच द्यावा का? शिवाय त्याच्याकडे बघून बोलताना माझा आवाज कापतो. प्रश्न कागदावरून वाचले तर चालतात का?

विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे माहीत आहे. अर्जही देऊन ठेवलाय. फक्त उलटतपासणीपुरता असा वकील कुणी घेतला आहे का?

वेगळं व्हायला माझी ना नाही. परस्पर संमतीची तयारी मी समुपदेशकांसमोर दाखवली होती. पण परिच्छेद ९ निकालात खरा ठरायला नको.

ज्यांनी स्वतः उलटतपासणी घेतली आहे, त्यांनी निदान पहिले दोन-तीन प्रश्न कसे विचारले तेवढं कृपया लिहा. तारीख बावीस दिवसांवर आहे.