‘मिंधी संस्था’ म्हणावं का?

धरमपेठकर: आमच्या वाचनगटात थिंक टँकवरच्या, म्हणजे धोरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्थांवरच्या, एका मराठी लेखावरून बराच वाद झाला. लेखकाने ‘कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या मिंध्या संस्था’ असं लिहिलंय. मला शब्द फार कडक वाटतो. ‘अनुदानित’ चालेल का?

प्रूफवाचक: अनुदानित नको. आपल्याकडे अनुदान म्हटलं की सरकारी पैसा डोळ्यांपुढे येतो. कंपनी देते ती देणगी; एका ठरावीक अभ्यासासाठी पैसे दिले असतील तर तो अभ्यास ‘प्रायोजित’. हा फरक पाळाच, कारण प्रायोजित अभ्यासात विषय बहुधा पैसे देणाराच ठरवतो. राहिला ‘मिंधा’. नुसते पैसे घेऊन कोणी मिंधा होत नाही. पगार घेणारा मिंधा नसतो, उपकाराखाली दबून बोलायचं टाळणारा असतो. म्हणजे हा शब्द मनातल्या दडपणाबद्दल आहे आणि ते सिद्ध करणं अवघड.

२०१७ चं उदाहरण घ्या. युरोपीय आयोगाने गूगलला २.४२ अब्ज युरोंचा दंड केला. वॉशिंग्टनच्या ‘न्यू अमेरिका’ या थिंक टँकमधले बॅरी लिन यांनी त्याचं जाहीर स्वागत केलं आणि दोन-तीन महिन्यांत त्यांचा अख्खा गट संस्थेबाहेर पडला. गूगल तेव्हा या संस्थेचा मोठा देणगीदार होता. आपल्या दबावामुळे हे झालं नाही, असं गूगलने सांगितलं. संस्थेनेही तेच म्हटलं. इथे ‘मिंधी’ लिहिलं तर तो आरोप होतो. घटनाक्रम लिहिला तर वाचक काय ते समजतो.

कोराडीवाला: भाऊ, आमच्याकडे हा घोळच नाही. प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल प्रकल्पवालाच पैसे देऊन करून घेते, पद्धतच तशी आहे. लोक त्याला ‘कंपनीचा अहवाल’ म्हणतात अन् तसाच वाचतात. थिंक टँकच्या अहवालावर मात्र ‘स्वतंत्र’ छापलेलं असते. मला तोच शब्द जास्त खटकून राहिला.

प्रूफवाचक: अगदी बरोबर! तिथे ‘स्वायत्त’ लिहावं. कारभार स्वतःचा, एवढंच त्यातून कळतं. आणि देणगीदार होता म्हणून संस्था वाईट, असंही नाही. अर्थशास्त्र-राज्यशास्त्राचा अभ्यास करणारी पुण्याची गोखले संस्था १९३० साली रावबहादूर काळे यांच्या देणगीतून उभी राहिली. पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ, आपल्या नागपुरात वाढलेले. संस्था उभारायला एकदा दिलेली देणगी वेगळी, आणि दरवर्षी मिळेल की नाही म्हणून वाट पाहायला लावणारी वेगळी. दुसरीत मिंधेपणाला वाव जास्त. शिवाय दबाव फक्त कंपन्यांचाच असतो असं नाही. दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च या थिंक टँकचा विदेशी देणग्या घेण्याचा परवाना केंद्र सरकारने २०२३ मध्ये निलंबित केला, २०२४ मध्ये रद्दच.

धरमपेठकर: मग लेखकाला हे वाक्य सुचवतो: ‘अमुक कंपनीच्या देणगीवर चालणारी, स्वतःला स्वतंत्र म्हणवणारी संस्था’.

प्रूफवाचक: चालेल. ‘अमुक’च्या जागी कंपनीचं नाव आणि रक्कम मात्र घालायला सांगा.