अनुभव धागा: टूर कंपनीशिवाय जपान

जपानला स्वतःचं स्वतः जायचं म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो, ‘खायचं काय?’ आणि दुसरा, ‘भाषेचं काय?’ दोन्ही रास्त आहेत. पण टूर कंपनी आपल्याला जे विकते ते देवळं आणि किल्ले नसतातच. बॅगा खोलीपर्यंत पोचणं, संध्याकाळी सातला वरण-भात समोर येणं, स्टेशनाच्या कुठल्या दारानं बाहेर पडायचं हे आपल्याऐवजी दुसऱ्या कुणाला माहीत असणं, हे ती विकते. ही बिनबोभाट होणारी कामं ज्यांनी स्वतः केली, त्यांनी ती कशी केली तेवढंच इथे लिहा. काय काय पाहिलं याची यादी नको. क्योतोतल्या फुशिमी इनारी देवळाच्या लाल कमानींचे फोटो आता सगळ्यांच्याच फोनमध्ये आहेत. किमती येनमध्ये द्या, रुपयाचा भाव रोज हलतो.

व्हिसापासून मीच सुरुवात करते. २०२४च्या एप्रिलपासून भारतीय पर्यटकांना ई-व्हिसा मिळतो. नावात ‘ई’ असलं तरी कागद व्हिसा केंद्रातच द्यावे लागतात. पासपोर्टवर स्टिकर मात्र लागत नाही. विमानतळावर फोनवर इंटरनेट चालू ठेवून व्हिसाचं पान तिथल्या तिथे उघडून दाखवावं लागतं. स्क्रीनशॉट, पीडीएफ, छापील प्रत चालत नाही. त्यामुळे ‘सिम तिकडे गेल्यावर बघू’ हा विचार इथे उपयोगाचा नाही. अर्जासोबत दिवसवार कार्यक्रम द्यायचा असतो: कुठल्या तारखेला कुठे आणि मुक्काम कुठे. तो लिहायला घेतला की आपला प्रवास किती धावपळीचा आहे हे कागदावरच दिसतं. मी त्यातून दोन शहरं तिथेच खोडली. हॉटेलं फुकट रद्द करता येतील अशीच घ्यावीत, आणि परत न मिळणारं विमानाचं तिकीट व्हिसा हातात आल्यावरच.

पुण्याहून, आम्ही दोघं, निवृत्त

आमची भीती एकच होती: बॅगा. माझ्या पाठीचा त्रास जुना आहे आणि यांचा गुडघा. जपानमध्ये एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात बॅग पाठवण्याची सेवा आहे, तिला ताक्युबिन म्हणतात. काळ्या मांजराचं चित्र असलेल्या यामातो कंपनीच्या गाड्या गल्लीबोळात दिसतात. हॉटेलच्या काउंटरवर फॉर्म भरायचा, पुढच्या हॉटेलचा पत्ता द्यायचा, आणि टोकियोत दिलेली बॅग दुसऱ्या दिवशी क्योतोला हजर. आकाराप्रमाणे साधारण दोन ते तीन हजार येन पडतात. एक रात्र बॅगेविना काढायची असते, म्हणून पाठीवरच्या पिशवीत औषधं, एक कपड्यांचा जोड आणि चार्जर. पासपोर्ट तर कायम अंगावरच हवा, तिथे परदेशी पाहुण्याला तो जवळ बाळगणं कायद्यानेच बंधनकारक आहे.

ज्यांना बॅग सोबतच न्यायची आहे त्यांच्यासाठी: तोकाइदो शिनकान्सेनमध्ये, म्हणजे टोकियो-क्योतो-ओसाका बुलेट ट्रेनमध्ये, लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटीमीटरपेक्षा मोठी बॅग असेल तर तिची जागा असलेलं सीट आधी राखावं लागतं. राखायला पैसे नाहीत, न राखता चढलात तर १,००० येन. घरून निघण्याआधी टेप घेऊन मोजून टाका, चाकं आणि मूठ धरून.

ठाण्याहून, हिशोबी माणूस

जेआर पास, म्हणजे पर्यटकांसाठीचा जपान रेल्वेचा पास, याबद्दल जुने सल्ले वाचू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा साधा पास २९,६५० वरून थेट ५०,००० येन झाला. टोकियो ते क्योतो नोझोमी या सगळ्यात वेगवान बुलेट ट्रेनचं आरक्षित सीट साधारण १४,००० येन. जाऊन येऊन २८,०००. हिरोशिमापर्यंत गेलात तरी जाऊन येऊन चाळीस हजारांच्या आतबाहेर. मग पास कशासाठी? शिवाय नोझोमीत तो पास जादा पैसे भरल्याशिवाय चालतच नाही.

आम्ही टोकियोला उतरलो आणि ओसाकाहून परत निघालो. एका बाजूचं रेल्वेभाडं आणि एक दिवस, दोन्ही वाचले. विमानाचं तिकीट काढताना ‘मल्टी-सिटी’ हा पर्याय निवडायचा, एवढंच.

शहरात फिरायला सुइका कार्ड. पर्यटकांचं वेलकम सुइका २८ दिवस चालतं. रेल्वे, बस, पाण्याची बाटली, लॉकर, सगळीकडे टेकवलं की झालं. सहा वर्षांखालच्या मुलांना सहसा तिकीट लागत नाही, सहा ते अकरा वयाला अर्धं. मुलांचं सुइका घेताना वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट दाखवावा लागतो.

जाता जाता: टोकियोहून क्योतोकडे जाताना फुजी उजव्या हाताला दिसतो, म्हणून ई रांग मागा. दिसेलच याची हमी नाही. उन्हाळ्यात तो बहुतेक ढगातच असतो.

नाशिकहून, पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही

आता खाण्याचं. हे सविस्तर लिहिते, कारण ‘जपानमध्ये भात मिळतो ना, मग झालं’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात.

अडचण मांसाची नाही, पाण्याची आहे. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी, आपल्या भाषेत सार म्हणू. ते बहुतेक वेळा बोनिटो नावाच्या सुकवलेल्या माशाचं असतं. मिसो सूप, उदोन-सोबा नूडल्स, तेम्पुरा भज्यांची चटणी, उकडलेल्या भाज्या, इतकंच काय इनारी सुशीचं ते गोडसर पाकीट, सगळ्यात दाशी असू शकते. तुम्ही ‘व्हेजिटेरियन’ म्हणालात तर माणूस अत्यंत नम्रपणे वरचे मांसाचे तुकडे काढून ठेवील आणि तेच सार वाढेल. त्याच्या दृष्टीनं त्यानं तुमचं ऐकलेलं असतं. म्हणून आम्ही एक चिठ्ठी जपानीत करून घेतली: मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, माशाची दाशीही नाही. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. ती वाचून काही ठिकाणी स्वयंपाकी बाहेर येऊन हात जोडून ‘जमणार नाही’ म्हणाले. त्या नकाराचा मला राग नाही आला, उलट हायसं वाटलं.

काय चाललं ते सांगते. कोंबिनी म्हणजे चोवीस तास उघडी दुकानं. तिथे ओनिगिरीत (भाताचे भरलेले गोळे) उमे (खारवलेलं आंबट फळ) आणि कोंबु (समुद्री शेवाळ) हे दोन प्रकार बघावेत, तरी फोनच्या कॅमेऱ्यानं मागची यादी वाचून घ्यावी. कोको इचिबान्या या करीच्या साखळीत बऱ्याच शाखांमध्ये शाकाहारी करी मिळते. केळी, भाजलेली रताळी, साधं तोफू. दर दोन-तीन दिवसांनी भारतीय हॉटेल. टोकियो-ओसाकात अडचण नाही.

घरून नेलं ते: थेपले, मेतकूट, चटण्या, लाडू, गरम पाणी घालून होणारे पोहे-उपमा. ताजा कढीपत्ता, मिरच्या, लिंबं, फळं बिलकूल नेऊ नयेत; ताज्या वनस्पतीला सरकारी तपासणीचा दाखला लागतो. मांसाचे पदार्थ तर बंदच.

आणि राइस कुकर घरी ठेवा. तिथली वीज १०० व्होल्टची. आपली २३० व्होल्टची किटली किंवा कुकर तिथे जेमतेम पाचव्या हिश्शाच्या जोरावर चालतो. भात शिजायची वाट बघत बसाल. फोनचे चार्जर १००-२४०चे असतात, त्यांना फक्त दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर पुरतो.

निशिकासाईहून, टोकियोत राहणारा

वरचं बरोबर आहे, भर घालतो. आमच्या निशिकासाईत भारतीयांची मोठी वस्ती आहे. पुराणिक आडनावाचा आपला मराठी माणूस २०१९ मध्ये इथल्या एदोगावा वॉर्डाच्या परिषदेवर निवडून आला. डाळ, पीठ, मसाला, सगळं इथे मिळतं. लहान मुलं असतील तर पहिले दोन दिवस या बाजूला मुक्काम करा, मध्यवर्ती भागापेक्षा सहसा स्वस्तही पडतं.

औषधांकडे पाहुणे लक्ष देत नाहीत, म्हणून जोर देऊन सांगतो. डॉक्टरांनी लिहून दिलेली साधी औषधं, म्हणजे रक्तदाब, थायरॉइड वगैरे, एका महिन्यापुरती आणता येतात; त्याहून जास्त असतील तर येण्याआधी परवानगी काढावी लागते. चिठ्ठी सोबत हवी. पण सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं आणि खोकल्याच्या काही औषधांत कोडीन. यांचे नियम इथे फार कडक आहेत. ‘आपल्याकडे मेडिकलमध्ये सहज मिळतं’ हे उत्तर कस्टम्समध्ये चालत नाही. पाकिटावरची घटकद्रव्यं वाचा, शंका वाटली तर ते पाकीट घरीच राहू द्या.

स्टेशनांबद्दल: शिंजुकूला दोनशेच्या वर दारं आहेत. ‘शिंजुकूला भेटू’ असं कुणाला सांगू नका, दाराचं नाव सांगा. नकाशाचं अ‍ॅप दाराचा क्रमांक देतं, तो पाळला तर पंधरा मिनिटं वाचतात. मध्यरात्रीच्या सुमारास गाड्या बंद होतात आणि टॅक्सी महाग.

नागपूरहून

आम्हाला कोयासान या डोंगरावरच्या बौद्ध तीर्थाला जायचंच होतं. तिथल्या विद्यापीठात २०१५ मध्ये बाबासाहेबांचा पुतळा उभारला. अनावरणाला तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस गेले होते. जपानी मदतीनं उभं राहिलेलं कामठीचं ड्रॅगन पॅलेस बुद्धमंदिर लहानपणापासून पाहिलेलं, त्यामुळे जपानशी आमचा धागा तसा जुनाच. टूरवाल्यांना विचारलं तर म्हणे, कार्यक्रमात बसत नाही. मग आम्हीच गेलो.

ओसाकाच्या नाम्बा स्टेशनातून नानकाई रेल्वेनं गोकुराकुबाशी, तिथून केबल कार, वर पोचलं की बस. केबल कारच्या स्टेशनापासून गावापर्यंतच्या रस्त्यावर पायी जायला मनाई आहे, बसच घ्यायची. जागा सुमारे ८०० मीटर उंचीवर. खाली ओसाकात शर्टावर फिरत होतो, वर स्वेटर घालावं लागलं.

राहायचं मठात, शुकुबो म्हणतात. ८१६च्या सुमारास कूकाई या भिक्षूनं हे ठिकाण वसवलं, आणि तिथलं शोजिन र्योरी जेवण मूळचंच शाकाहारी. दाशीसुद्धा कोंबु आणि मशरूमची. नाशिकच्या ताईंनी हे लिहायला हवं होतं! कांदा-लसूणही नसतो. तिळाचं तोफू आणि वाळवलेलं कोया-दोफू, दोन्ही खाऊन पाहा. भाव मात्र चांगलाच आहे, साध्या हॉटेलपेक्षा बराच जास्त. संध्याकाळी साडेपाच-सहाला जेवण वाढतात आणि उशिरा आलेल्याला थांबत नाहीत, त्यामुळे ओसाकाहून दुपारी लवकर निघा. सकाळच्या प्रार्थनेला बसायची मुभा असते, सक्ती नसते. ओकुनोइनचं दफनस्थान दोन लाखांवर समाध्यांचं आहे. ते पायी फिरायला अर्धा दिवस ठेवा.

मुंबईहून, एकटी

एकटीनं फिरण्याची चिंता मला सगळ्यात कमी वाटली. गर्दीच्या वेळी टोकियो-ओसाकाच्या बऱ्याच मार्गांवर महिलांचा डबा असतो, फलाटावर गुलाबी खूण असते. आपल्याला सवयच आहे, फक्त इथे कुणी लटकत नाही आणि चौथी सीट मागत नाही. कॅप्सूल हॉटेलांत स्त्रियांचे वेगळे मजले मिळतात.

पैशांचं: निघण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचा परदेशी वापर सुरू करा. सेव्हन-इलेव्हनमधल्या एटीएममधून परदेशी कार्डावर येन निघतात. मशीननं ‘रुपयात हिशोब करू का’ विचारलं तर नाही म्हणा, येनच ठेवा. रुपयाचा दर ते त्यांच्या सोयीनं लावतात. ओटीपीसाठी भारतातलं सिम फोनमध्ये चालू राहू द्या. आणि ‘सेफ्टी टिप्स’ हे अ‍ॅप आधीच घेऊन ठेवा, भूकंपाची सूचना इंग्रजीत येते.

कोल्हापूरहून, सासूबाईंना घेऊन

सासूबाई थोडं चालतात, जास्त अंतराला व्हीलचेअर. स्टेशनात फाटकाजवळच्या कर्मचाऱ्याला कुठे उतरायचं ते दाखवलं की तो रॅम्प घेऊन डब्यापर्यंत येतो आणि पुढच्या स्टेशनला कळवतो. तिथे दुसरा माणूस रॅम्प घेऊन उभा. यासाठी दहा-पंधरा मिनिटं जादा धरा. लिफ्ट मात्र प्रत्येक दाराला नसते, म्हणून हॉटेल शोधताना ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ यावर न जाता लिफ्टचं दार कुठल्या बाजूला आहे ते बघा. क्योतोची देवळं पायऱ्यांची आणि खडीची. तिथे आम्ही टॅक्सी केली आणि निम्मीच पाहिली.

गरम पाण्याच्या कुंडात, ओनसेनमध्ये, सासूबाईंना जायचं होतं. हातावर गोंदण. बऱ्याच ओनसेनमध्ये अंगावर टॅटू असलेल्यांना घेत नाहीत, आणि कपडे घालून उतरता येत नाही, हे दुसरं. आम्ही तासाभरासाठी फक्त आपल्या कुटुंबाला मिळणारं छोटं कुंड राखलं. काशिकिरी या शब्दानं शोधलं की सापडतं. गोंदणाचा प्रश्न मिटला आणि लाजेचाही.

इंदूरहून

माझं मत वेगळं आहे. आई-वडिलांना पहिल्यांदा मी टूरनेच पाठवलं आणि ते खुशीत परतले. रोज संध्याकाळी नकाशा उघडून उद्याची गाडी शोधणं हे ज्याला आवडतं, त्याच्यासाठी हा धागा. ज्याला नाही आवडत, त्यानं पैसे मोजावेत. मधला मार्गही आहे: हॉटेलं आणि गाड्या स्वतः करा, क्योतोत एक दिवस स्थानिक गाइड घ्या.

सांगलीहून, शिक्षिका

तारखांचं कुणीच लिहिलं नाही. आम्हा शाळावाल्यांना सुट्टी मिळते ती मे महिन्यात आणि दिवाळीत. साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, टोकियो-क्योतोत साधारण मार्चअखेर ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे नेमक्या आपल्या परीक्षा. २९ एप्रिल ते ५ मे गोल्डन वीक, सगळा जपान बाहेर पडतो, हॉटेलं भरलेली आणि महाग. त्यानंतरचे दोन-अडीच आठवडे आम्हाला उत्तम गेले: हवा सुखद, गर्दी ओसरलेली, आणि तातेयामाच्या घाटातल्या बर्फाच्या उंच भिंती तोपर्यंत शिल्लक. जूनमध्ये तिकडे पाऊस सुरू होतो, तो जुलैच्या मध्यापर्यंत. ऑगस्टच्या मध्यावर ओबोन हा पितरांचा सण, पुन्हा गर्दी. दिवाळीच्या सुट्टीत क्योतोची पानं पुरती लाल झालेली नसतात, ती नोव्हेंबरच्या उत्तरार्धात होतात. दिवाळीत जाणार असाल तर उत्तरेकडे निक्कोला जा, तिथल्या डोंगरात रंग आधी चढतो.