मदत हवी आहे : ट्रॅक्टरची लिफ्ट गरम झाल्यावर रोटाव्हेटर धरत नाही

नमस्कार मंडळी. मी भांडुपला राहतो, भातशेती मुरबाडजवळ. ट्रॅक्टर चुलत भावासोबत सामाईक आहे. तो चालवतो, मी शनिवार-रविवारी जातो. २७ एचपीचा मिनी ट्रॅक्टर, २०१७ चा, मागे चार फुटी रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती फोडणारं अवजार).

सकाळी लिफ्ट (तेलाच्या दाबावर अवजार वर-खाली करणारी यंत्रणा) व्यवस्थित उचलते. तासाभराने तेल तापलं की रोटाव्हेटर हळूहळू खाली येतो, आणि बांधावर वळताना हे फार जिवावर येतं. रिकामी लिफ्ट मात्र कधीही झटकन वर जाते.

हायड्रॉलिकचं तेल बदललं (पुस्तिकेत दिलेल्याच ग्रेडचं), गाळणी धुतली, पातळी बरोबर आहे, बाहेर कुठे गळती नाही. लिव्हरच्या जोडण्याही पाहिल्या. गेल्या रविवारी गरम असताना रोटाव्हेटर उचलून इंजिन बंद केलं, तर दोन-तीन मिनिटांत तो जमिनीला टेकला.

मेकॅनिक पंप बदला म्हणतो. पण इंजिन बंद असताना पंप फिरतच नाही, मग त्याचा दोष कसा? मला सिलिंडरच्या सीलचा किंवा कंट्रोल व्हॉल्व्हचा संशय आहे. पंपाचा खर्च करून तेच दुखणं राहिलं तर आम्हाला परवडणारं नाही. शिवाय मृग तोंडावर आलाय, चिखलणीआधी काम व्हायला हवं, आणि माझ्या हातात दोनच शनिवार-रविवार आहेत.

सीटखालचा, लिफ्ट उतरण्याचा वेग ठरवणारा नॉब पूर्ण बंद करून सील आणि व्हॉल्व्ह यांतलं नेमकं काय गेलंय ते ओळखता येतं का? आणि सील असेल तर लिफ्टचं वरचं झाकण घरी उघडण्यासारखं आहे, की त्याला वर्कशॉपच लागेल?