सांडपाणी शेतीला द्या म्हणणाऱ्यांनी आधी आमची विहीर बघावी

नदीकाठचा
काल इथे एकांनी लिहिलंय की शहरांनी सांडपाणी शुद्ध करून शेतीला द्यावं, धरणाचं पाणी शहराला राहू द्यावं, आणि शेतकरी उगाच नाकं मुरडतात, फुकट खत मिळतंय. राहवलं नाही म्हणून लिहितोय. आमचं गाव एका मोठ्या शहराच्या खालच्या अंगाला. लहानपणी नदीत पोहायचो, आता जनावर तोंड लावत नाही. नदीलगतच्या विहिरीला वास येतो, ठिबकच्या नळ्या तुंबतात, ऊस येतो पण मेथी-कोथिंबीर नेली आणि गावाचं नाव सांगितलं की व्यापारी भाव पाडतो. पाणी एवढं शुद्ध आहे तर शहरानेच वापरावं ना, बागेला, बांधकामाला, संडासात.

संत्रानगरी
भाऊ, तुमचं दुःख खरं आहे, पण तुम्ही शुद्ध न केलेल्या पाण्याबद्दल बोलून राहिले. आमच्याकडे नागपुरात भांडेवाडीचं १३० एमएलडी (म्हणजे दिवसाला १३ कोटी लिटर) सांडपाणी प्रक्रिया करून कोराडीच्या वीज केंद्रात कूलिंगला जाते. तेवढं पेंच धरणाचं पाणी वाचते, जे शहर पिते अन् शेतीलाही लागते. २०१६ च्या वीजदर धोरणातच आहे, ५० किमीच्या आत एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, असंन तर औष्णिक केंद्रानं तेच पाणी वापरावं.

नदीकाठचा
वीज केंद्राकडे लॅब आहे, पाणी खराब आलं तर ते ओरडतात आणि त्यांचं ऐकलं जातं. आमचं कोण ऐकतं? आणि एसटीपीत क्षार जात नाहीत, साबणाचा मीठमसाला जमिनीतच बसतो.

सचिव_बी_विंग
संडासात वापरा म्हणणं सोपं आहे. आमच्या सोसायटीत एसटीपी आहे, फ्लशची वेगळी लाइन आहे, बिल्डर हस्तांतर करून गेला तेव्हा अर्धे पंप बंद होते. टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरचं लाइट बिल बघून सभासद मीटिंगमध्ये अंगावर येतात, मेंटेनन्स वाढवू देत नाहीत, फ्लशला पिवळं पाणी आलं की मलाच शिव्या. शेवटी रात्री ब्लोअर बंद ठेवायला लागलो, दुसरा उपाय नव्हता.

टँकरची_वाट
रात्री बंद?? अहो हवा मिळाली नाही की टाकीतले जिवाणू मरतात, मग वास येणारच आणि पाणी पिवळं येणारच! म्हणजे तुम्हीच प्लांट मारला. ते पाणी गटारातून या दादांच्या विहिरीकडेच जातं. आमची सोसायटी उन्हाळ्यात टँकरवर चालते, तरी आम्ही एकही रात्र बंद ठेवलेला नाही, भांडून पैसे गोळा केले.

सचिव_बी_विंग
तुमच्याकडे भांडायला माणसं आहेत. मी नोकरी करून हे फुकट करतो, उद्या या आणि तुम्ही व्हा सचिव!

टँकरची_वाट
फुकट करता म्हणून नदीत घाण सोडायची परवानगी मिळत नाही.

बेंगळुरूकर
भांडण थांबवा जरा. इकडे २०१८ पासून केसी व्हॅली योजनेतून शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी शेजारच्या कोलार जिल्ह्यातल्या तलावांत सोडतात, क्षमता ४४० एमएलडी. थेट शेतात नाही, तलावात, तिथून जमिनीत मुरतं. सुरुवातीलाच लक्ष्मीसागर तलावात फेस आला, लोक कोर्टात गेले, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत पोचलं. आता विहिरी-बोअरला पाणी वाढलंय हे खरं, पण तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया, म्हणजे नेहमीच्या शुद्धीकरणानंतर आणखी एकदा शुद्धीकरण, करा ही मागणी तिथले शेतकरी अजून लावून धरतात, आणि मला ती बरोबर वाटते.

नदीकाठचा
कोलार कोरडं होतं, त्यांच्याकडे गमवायला काय होतं? आमची नदी होती. तरी ठीक, कोराडीचं मान्य करतो, कारखान्याला द्यायला माझी ना नाही. शेतीला द्यायचं असेल तर पाण्याचा रिपोर्ट दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. तेव्हा माझं एक एकर देतो, तेही भाजीला नाही, वैरणीला.

संत्रानगरी
फळ्याची मागणी रास्त आहे. आमच्याकडेही असा फळा पाहिजे, ते मी मानतो.

सचिव_बी_विंग
काल रात्री ब्लोअर चालू ठेवला. आवाजामुळे तळमजल्यावरून दोन फोन आले, उचलले नाहीत.