भेव वाटते अन् बिझनेस क्लास मिळून रायला: सीट कोणती धरली तुम्ही?

वरूडची काकू
काल वरूडवरून अमरावतीले यष्टीनं गेली. बायांचं अर्धं तिकीट झाल्यापासून जागा मिळणं म्हणजे लॉटरीच, मले मिळालं सगळ्यात मागचं बाक. मोर्शीच्या अलीकडं गाडी एका खड्ड्यात अशी आदळली का मी वीतभर वर उचलली गेली अन् पोटात तोच गोळा आला जो 2017 ले विमानात आला होता. पोरीच्या बाळंतपणाले ह्यूस्टनले गेली होती, पहिल्यांदाच, शेवटून तिसरी रांग. दोह्याच्या पुढं 16 तास. रात्री सगळे झोपले अन् विमान हालाले लागलं, ट्रेवरचा पाण्याचा गिलास सरकत सरकत काठावर आला. मी तो धरला तो सकाळपर्यंत सोडला नाही. हवाई सुंदरी दोनदा गिलास न्याले आली, मी काही देल्ला नाही.

आता जावई म्हणते पॉइंट जमले आहेत, आई-बाबा बिझनेस क्लासनं या. सीटचा नकाशा पाठवला मोबाईलवर, परवापर्यंत सांगायचं आहे, इथं काही रुमाल टाकून जागा धरता येत नाही. ज्यांनी केलं त्यांनी लिहा बरं, भेव कमी होते का अन् कोणत्या सीटवर. आमचे हे म्हणतात कुठंही बस, पडलं तर सगळंच पडते. 34 वर्षं काढली मी ह्या माणसासोबत.

वावरातला इंजिनेर
काकू उत्तर तुमच्या त्या बाकातच आहे. मागच्या चाकाच्या मागं बसलं का उसळते, दोन चाकांच्या मधात कमी. विमानाचा तोल पंखांच्या आसपास असते म्हणून तिथं हालणं कमी जाणवते अन् शेपटीकडं जास्त, तुम्ही नेमक्या शेपटीतच बसल्या होत्या. बिझनेस क्लास बहुतेक पंखाच्या पुढं असते तर त्यातल्या मागच्या रांगा पहा, नाकाजवळच्या नको. फक्त त्या रांगेमागं पॅन्ट्री नाही तर संडास आहे का ते नकाशात पाहून घ्या, नाहीतर रातभर झाकणांची खडखड अन् पडद्यातून उजेड.

नाव नको
आमच्याकडं बिझनेस क्लास म्हणजे शिवशाही 😄

तर्री जास्त
@नाव नको अन् तिच्यातही मागचंच बाक

पराटी
इंजिनेर भाऊचं बरोबर आहे पण एक राहिलं. मी पंखाजवळची खिडकी घेतली होती ऐकून ऐकून, हालणं खरंच कमी होतं, पण खिडकीतून पंख दिसे ना! उडताना पंखाचं टोक वर वाकलेलं पाहिलं अन् मी डोळेच मिटून घेतले. नंतर भाच्यानं सांगितलं का आत्या ते वाकासाठीच बनवले आहेत, नाही वाकले तर मोडतील, त्या नवीन बोइंग 787 विमानाचे तर अजूनच वाकतात. हे आधी सांगितलं असतं तर मी जेवली असती. ज्याले पाहून भेव वाटते त्यानं खिडकी घेऊच नये. अन् त्या 787 मधी खिडकीले पडदा नसते बरं, बटन दाबलं का काच काळी होते, मी अर्धा तास पडदाच शोधून रायली होती.

तर्री जास्त
माझी चूक ऐका. मले नकाशात एक खिडकीची सीट रिकामी दिसली, झटकन घेतली. जाऊन पाहतो तर तोंड मागं! काही विमानांत एक रांग पुढं तोंड अन् एक मागं असते. टेकऑफले आपण बेल्टवर लटकल्यासारखे पुढं झुकतो, टांग्यात मागं बसल्यावर चढ लागला तर होते तसं. दहा मिनिटांचीच गोष्ट पण भेकड माणसानं कायले घ्या? नकाशात सीटचं तोंड दाखवलेलं असते, बोट लावून लावून पहा.

यवतमाळची लेक
माझ्या बाबांले गेल्या वर्षी पाठवलं एकट्याले, भावाकडं टोरांटोले. गुडघे गेलेले म्हणून सगळ्यांनी मिळून बिझनेसचं तिकीट काढलं. उतरल्यावर भावानं विचारलं झोप झाली का, तर म्हणे झाली ना, बसल्या बसल्या. सीट पलंगासारखी आडवी होते हे सांगाचं आम्ही विसरलो अन् ह्यांनी बटन दाबलंच नाही. म्हणे मागच्याच्या अंगावर गेली असती ना. दुलईची घडी घालून, वर ती उशी ठेवून, हवाई सुंदरीच्या हातात देऊन उतरले. आयुष्यभर वावरात बाजेवर झोपलेला माणूस. मी फोनवर खूप हासली अन् मग रडली. काकू, बटन आधीच शिकून घ्या.

वावरातला इंजिनेर
@यवतमाळची लेक 🙏 अन् झोपल्यावर बेल्ट दुलईच्या वरून लावाचा, विमान हाललं का बेल्ट तपासाले येतात, वरून दिसला तर उठवत नाहीत.

धामणगाववाली
मी वेगळं सांगते. माझं भेव बिझनेसमधी वाढलं! इकॉनॉमीत बाजूच्या अनोळखी बाईचा हात धरला होता मी, तिनंही धरू देल्ला, गुजराती होती, थेपला खाऊ घातला. इथं मात्र सीटभवती कठडा अन् सरकतं दार, आपण अन् आपला टीव्ही. विमान हाललं तेव्हा माणसाचं तोंडच दिसेना. म्हणून ज्याले एकट्यानं भेव वाटते त्यानं मधातली जोडी घ्याची. पण तिथंही मेख आहे, एका रांगेत दोघं जवळ अन् पुढच्या रांगेत मधात टेबल येऊन दोघं दोन टोकांले, असं काही विमानांत असते. नवरा दिसते पण हात पोचत नाही.

नाव नको
काहींले तेच पाहिजे असते

पराटी
🤣🤣 अन् पहिली रांग? तिथं पाय ठेवाले जागा जास्त असते ना

धामणगाववाली
हाव, पाय सुटे राहतात. पण बाळाचा पाळणा तिथंच लावतात बहुधा, अन् उडताना-उतरताना पर्स वर ठेवा लागते. माझी जपमाळ पर्समधी राहिली होती.

संत्रावाला
काकू वरूडच्या म्हणता तर संत्र्याचा आंबिया बहार कसा आहे तिकडं यंदा? आमच्याकडं फळांची गळ लय आहे

वरूडची काकू
@संत्रावाला आमच्याकडंही गळ आहेच भाऊ, झाडाखाली सडा पडते रोज. नातवाले पेटी न्याचं मनात होतं, पण जावई म्हणते ताजं फळ तिकडं आत जाऊ देत नाहीत.

आता सीटचं. ह्यांले तुमचं सगळं वाचून दाखवलं. मागून दुसरी रांग, मधातली जोडी, जवळजवळवाली, तोंड पुढं. मागं पॅन्ट्री आहे पण एक रांग सोडून, चालते. पंख दिसणार नाही. जावयाले कळवलं. हे म्हणे मले खिडकी पाहिजे होती. मी म्हटलं यष्टीत घ्या.

तर्री जास्त
काकू गिलास सोडजा यंदा 😄

वरूडची काकू
पाहतो बा.

संत्रावाला
गळीसाठी काय फवारलं काकू तुमच्याकडं?